आधीचा फोटो

रोज सकाळी दुकानाचं दार उघडलं की आत्या आधी साबणाला जीभ लावायची. झाडू मारायच्या आधी, दिवा लावायच्या आधी. मधल्या फळीवरून एक वडी उचलायची, तिची कड बाहीला पुसायची, जिभेचं टोक हलकेच टेकवायची आणि डोळे मिटून उभी राहायची. टॉर्चच्या सेलला जीभ लावल्यावर बसतो तसा झटका बसला तर वडी परत जागेवर जायची. नुसतीच तुरट, मेणचट चव लागली तर त्या फळीवरचा माल विकायला काढायचा. मग ती चूळ भरायची, गटारात थुंकायची आणि त्यानंतर प्रार्थनेला उभी राहायची. दिवसाची सुरुवात प्रार्थनेनं का करत नाही, असं एकदा चर्चच्या पाळकीणबाईंनी विचारलं होतं. आत्या म्हणाली, "आधी माल बघते, मग देवाला तोंड दाखवते."

ती माझ्या बाबांची थोरली बहीण. गल्लीत तिला कॉस्टिक म्हणत. पाठीमागे म्हणत आणि तोंडावरही म्हणत, कारण या नावाचा तिला राग येत नसे. राग येण्यासारख्या इतर गोष्टी पुष्कळ होत्या. साबणाला तेल लागतं, पाणी लागतं आणि कॉस्टिक सोडा लागतो. कॉस्टिक हातावर पडलं तर कातडी जाळतं. तेच तेलात नीट मुरलं तर साबण होतो. पण ओतल्यावर, वड्या पाडल्यावरही त्याला काही आठवडे फळीवर गप्प पडून राहावं लागतं. आत्या याला पिकणं म्हणायची. बाबा म्हणायचे, आमची ताई अजून पिकायची आहे, हात लावताना जपून.

आत्याचे यजमान, आमचे आतोबा, रंगारी होते. उंच इमारती बाहेरून रंगवायचे. एके दिवशी परांची तुटली आणि ते दुसऱ्या मजल्यावरून खाली आले. जीव वाचला, कंबर गेली. मुकादम फळांची पिशवी घेऊन घरी आला आणि नशिबाविषयी बोलू लागला. आत्यानं ती पिशवी त्याच्या मांडीवर परत ठेवली आणि ज्या दोरानं परांची बांधली होती तो दोर आणून दाखवा, एवढंच मागितलं. तो आला नाही, दोरही आला नाही. मुकादम रस्त्यात दिसला की आत्या कितीतरी वर्षं एकच विचारायची, "सापडला का?" तो पलीकडच्या बाजूनं जाऊ लागला.

मग ती लोकांचे कपडे धुऊ लागली. चार घरांचे, पुढे सहा घरांचे. त्या घरांत मिळायचा तो साबण स्वस्तातला. त्यानं बोटांच्या पेरांवर चिरा पडल्या, नखांच्या कडा मऊ होऊन निघू लागल्या. एका घरात तिच्या चहाचा कप खिडकीत वेगळा ठेवलेला असे. तिथं तिनं कधी चहा घेतला नाही, थंडीनं दात वाजत असले तरी. पण या सगळ्याहून तिला जास्त लागायचा तो एक शब्द. बिचारी. रविवारी चर्चमधून बाहेर पडताना मंडळीतल्या बायका तिच्या पाठीवर हात फिरवत आणि हा शब्द हळूच म्हणत, जणू खिशात काहीतरी सरकवत आहेत. आत्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची. घरी येऊन ती आतोबांना म्हणायची, पुढच्या रविवारी कोणी बिचारी म्हणालं तर मी तिथंच ओरडणार आहे. आतोबा पडल्या पडल्या म्हणायचे, ओरड, पण शेवटच्या गीतानंतर.

चर्चच्या मागच्या अंगणात प्रशिक्षण केंद्र होतं. गरिबाला भीक नको, हाताला काम द्या, असं पाळकसाहेब सांगत आणि ते मनापासून सांगत. केंद्र चालवायच्या पाळकीणबाई. मऊ आवाजाची, नेटकी, सतत धावपळ करणारी बाई. त्यांनीच आत्याला बोलावून घेतलं. नाव घालायच्या दिवशी आत्या थेट कामावरून गेली होती. कपडे गुडघ्यापर्यंत ओले, केस सुटलेले, काखेत धुण्याचं बोचकं. ओसरीत एक जण कॅमेरा घेऊन बसला होता. बोचकं खाली ठेवू का, तिनं विचारलं. असू दे, तो म्हणाला. जरा खाली बघा. ओळखपत्रासाठी असेल, असं आत्याला वाटलं. ओळखपत्रासाठी खाली कशाला बघायचं, हा प्रश्न तिला रस्त्यात पडला, पण तोवर घर आलं होतं.

केंद्रात सगळ्या बायकांना शिवण शिकवत. वर्षाच्या शेवटी समारंभ होई आणि प्रत्येकीला एक शिवणयंत्र मिळे. सगळ्या बायका आमच्याच दोन गल्ल्यांमधल्या. त्यामुळे घराघरात यंत्र आलं आणि यंत्राला कापड मिळेना. कोणी त्यावर टीव्ही ठेवला, कोणी डबे. आत्या म्हणाली, मला शिवण नको, या गल्लीत शिवणाऱ्या झाल्या सगळ्या, फाडायला कोणालातरी शिकवा. पाळकीणबाई हसल्या आणि मेणबत्त्या शिकायचं सुचवलं. आत्यानं साबण मागितला. इतकी वर्षं जो आपली बोटं खातोय त्याच्या पोटात आहे काय, ते तिला बघायचं होतं.

साबण शिकवायला एक म्हातारे मास्तर होते. आयुष्य साबणाच्या कारखान्यात गेलं, कारखाना बंद पडला, मग मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते शिकवायला येऊ लागले. आत्याच्या आधी त्यांच्याकडे कोणी टिकलं नव्हतं. खोकत खोकत बोलायचे आणि कौतुक करणं त्यांना जमत नसे. कॉस्टिकचं पाणी तेलात किती सावकाश ओतायचं, याचं त्यांचं स्वतःचं माप होतं. प्रभूची प्रार्थना म्हणायला सुरुवात करायची आणि धार सोडायची. शेवटचा थेंब आणि आमेन एकदमच पडले पाहिजेत. प्रार्थना भराभर म्हटली तर ते भांडं काढून घेत. आत्यानं पहिल्याच दिवशी घाई केली आणि मनगटावर फोड उठवून घेतला. मास्तर नळाखाली तिचा हात धरून म्हणाले, "घाई असेल तर मेणबत्त्या शिका." जिभेची परीक्षाही त्यांचीच. आत्या त्या शेडमध्ये वर्षभर गेली आणि त्या वर्षात तिथं तिला कोणी बिचारी म्हणालं नाही. मास्तर तिला फक्त 'अहो' म्हणायचे आणि चुका सांगायचे. त्या दिवसांविषयी बोलताना तिचा आवाज बदलायचा. पाळकसाहेबांचं म्हणणं खरं होतं, हे मला इथं लिहायलाच हवं. काम मिळालं आणि घर उभं राहिलं. म्हणूनच पुढचं जास्त चीड आणणारं आहे.

शिकून झाल्यावर चर्चच्या कुंपणातली एक खोली केंद्रानं तिला वापरायला दिली. पूर्वी तिथं सायकली ठेवत. दार रस्त्याकडे उघडायचं, मागच्या भिंतीला उंचावर दोन झरोके होते, वारा आरपार जायचा. साबण पिकायला अशीच जागा लागते, कोरडी आणि वाऱ्याची. आत्यानं भिंतीला फळ्या ठोकल्या. वरच्या फळीवर नुकतंच ओतलेलं, मधल्या फळीवर पिकत आलेलं, खालच्या फळीवर विकायचं. कोपऱ्यात आतोबांची खाट. ते पडून खाकी कागद फाडायचे आणि वड्या गुंडाळायचे. कागद फाडताना पट्टी लागत नसे, इतका हात बसला होता. गिऱ्हाइकं म्हणजे धुणं करणाऱ्या बायका. आत्याच्या साबणाला वास नव्हता, रंग मळकट, आकार ओबडधोबड. पण त्यानं बोटं फुटत नसत. बायका लांबून येत. आतोबा त्यांना खाटेवरून सांगायचे, रूपावर जाऊ नका, मीही गेलो नव्हतो. आत्या म्हणायची, कागद फाडा.

केंद्राला पंचवीस वर्षं झाली. केंद्राला मदत करणारी माणसं दुरून येणार होती. महिनाभर आधी अंगणात चुना मारला गेला, गाण्यांच्या तालमी सुरू झाल्या. एका दुपारी पाळकीणबाई दुकानात आल्या. हातात कागदाचा जाड गठ्ठा. साबणाची वेष्टणं, छापून आणलेली, गुळगुळीत. समारंभात प्रत्येक पाहुण्याला एक वडी भेट द्यायची होती. वेष्टणावर दोन फोटो होते, शेजारी शेजारी. एकाखाली लिहिलं होतं, आधी. दुसऱ्याखाली, नंतर. नंतरच्या फोटोत आत्या समारंभातल्या कपड्यांत, प्रमाणपत्र धरून. आधीच्या फोटोत ओले कपडे, सुटलेले केस, काखेत बोचकं, मान खाली. आतोबांनी चष्मा लावला, वेष्टण लांब धरून पाहिलं आणि पालथं ठेवलं.

आत्यानं मात्र ते बराच वेळ पाहिलं.

"ही कोण?" तिनं विचारलं.

पाळकीणबाईंना वाटलं, ती गंमत करतेय. "अहो ताई, तुम्हीच की. पहिल्या दिवशीच्या."

"मीच आहे. पण हा साबण हिनं केलेला नाही. हिला साबण येत नव्हता. ज्या बाईनं केला तिचा एक फोटो पुरे की."

पाळकीणबाई समजावत राहिल्या. पाहुण्यांना बदल दिसला पाहिजे. बदल दिसला तर ते आणखी चार जणींना हात देतील. यात तुमचा अपमान नाही, प्रभूचा गौरव आहे. आणि समारंभात उभं राहून दोन शब्द साक्ष द्या, घरात खायला नव्हतं तेव्हा कसे दिवस काढले ते सांगा. आत्या म्हणाली, घरात खायला होतं, कपडे धूत होते मी. पाळकीणबाई म्हणाल्या, तेच, तेच सांगा. जाता जाता, अगदी सहज, त्या असंही म्हणाल्या की समारंभानंतर समिती बसणार आहे, खोलीचाही विषय निघेल, तेव्हा तुमच्याविषयी सगळ्यांचं मत चांगलं असलेलं बरं.

ती धमकी नव्हती. धमकी असती तर बरं झालं असतं, आत्याला भांडता आलं असतं. काळजीनं बोलणाऱ्या माणसाशी भांडणं तिला कधीच जमलं नाही.

त्या आठवड्यात घरात नुसती धुसफूस होती. आत्या भांडी आपटायची. एवढी वर्षं त्या माणसांनी माझा तो फोटो जपून ठेवला, म्हणायची, मास्तरांनी शिकवलेलं एक अक्षर जपून ठेवलं नाही, फोटो ठेवला. बाबा म्हणाले, ताई, एक दिवसाचा प्रश्न आहे. आत्या म्हणाली, तुझा लावू का फोटो, चड्डीत शी केलेला, तोही आधीचाच. आतोबांनी शेवटी मधला मार्ग काढला. खोली गेली तर फळ्या कुठं ठोकणार, असं ते म्हणाले. घर एका खोलीचं आणि दमट. तिथं साबण कधीच पिकला नसता. तेव्हा असं ठरलं की वड्या द्यायच्या, मंचावर इतर बायकांबरोबर बसायचं. पण साक्ष नाही आणि वेष्टण खाकी. पाळकीणबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या 'बघू या' म्हणाल्या. त्यांच्या 'बघू या'चा अर्थ होकार असतो असं आत्यानं धरलं.

समारंभाच्या आदल्या दिवशी आतोबांची दवाखान्यात तपासणी होती. दोघं सकाळीच गेली आणि दिवस तिथंच गेला. भेटीसाठीचा माल आत्यानं खालच्या फळीवर वेगळा काढून ठेवला होता, आल्यावर गुंडाळू म्हणून. पण केंद्राला घाई होती. खोलीची दुसरी किल्ली केंद्राकडे असे. शिवणाच्या वर्गातल्या मुली आल्या, मदत करायला म्हणूनच आल्या. खालच्या फळीवरचा साबण त्यांना बघवेना. पिकलेला साबण आक्रसतो, त्याच्या अंगावर पांढुरकी राख धरते, कडा वाकड्या होतात. वरच्या फळीवर मात्र परवाच ओतलेल्या वड्या होत्या, लोण्यासारख्या गुळगुळीत, कोऱ्या, चकचकीत. एवढ्या मोठ्या पाहुण्यांना तो मळका माल कसा द्यायचा? आत्याची लाज राहावी म्हणून त्यांनी चांगल्या दिसणाऱ्या वड्या निवडल्या आणि छापील वेष्टणांत, कोपरे दुमडून, फार सुबक गुंडाळल्या.

माल मुलींनी गुंडाळून नेल्याचा निरोप वाटेतच मिळाला, म्हणून आत्या संध्याकाळी परतली ती थेट घरी गेली. आतोबांना उचलून खाटेवर घालेपर्यंत तिच्यात काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद होतं, चर्च भरलं होतं. मंचावर सहा खुर्च्या, त्यांवर केंद्रात शिकलेल्या सहा बायका. आत्याच्या शेजारी मेणबत्तीवाली बसली होती. वयानं आत्याहून मोठी, जन्मभर अनवाणी फिरलेली, टाचांना खोल भेगा. प्रत्येक खुर्चीपुढं एक पितळी घमेलं, पाण्याचा तांब्या आणि वेष्टणातली एक वडी. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले तसे आज पाहुणे या भगिनींचे पाय धुतील, असं पाळकसाहेबांनी सांगितलं. लोक हेलावले. मीही हेलावले, मी तिसऱ्या बाकावर होते.

आत्यानं वेष्टण पाहिलं. मी तिच्याकडेच बघत होते. ती उठून जाईल असं मला वाटलं. ती गेली नाही. दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून बसली. खोलीसाठी बसलीय, बाबा माझ्या कानात म्हणाले.

पाहुणे गुडघ्यांवर बसले. त्यांतले सगळ्यांत वयस्कर गृहस्थ मेणबत्तीवालीपुढं होते. माणूस खरोखर सौम्य होता. त्यांनी वेष्टण काढलं, नीट घडी करून खिशात ठेवलं आणि तिचे पाय हातात घेऊन साबण लावू लागले. आत्यापुढचे पाहुणे अजून वेष्टण सोडवत होते. गाणं सुरू झालं. मेणबत्तीवाली हसत होती. हसायला सांगितलं होतं सगळ्यांना. पण आत्याचं लक्ष तिच्या चेहऱ्याकडे नव्हतं. तिच्या पायांची बोटं आत वळत होती, सुटत होती, पुन्हा वळत होती.

"दुखतंय का गं?" आत्यानं हळूच विचारलं.

मेणबत्तीवालीनं ओठ हलू न देता उत्तर दिलं, "पाहुणे आहेत."

आत्यानं खाली वाकून त्या गृहस्थांच्या हातातली ओली वडी काढून घेतली आणि सगळ्या चर्चसमोर तिला जीभ लावली. झटका तिच्या मानेपर्यंत गेलेला आम्हाला बाकांवरून दिसला. ती उभी राहिली. खुर्ची मागं पडली. गाणं दोन-चार आवाजांत थोडं पुढं गेलं आणि थांबलं.

तिनं कोणाला हाक मारली नाही. तांब्या उचलून मेणबत्तीवालीच्या पायांवर ओतला, मग शेजारचा तांब्या, मग त्या पलीकडचा. बादल्या आणा, म्हणाली, नळ सोडा. मग त्या गृहस्थांचे हात ओढून स्वतःच्या हातात घेतले. ते तळव्यांपासून मनगटापर्यंत लाल झाले होते. त्यांना केव्हापासून झोंबत होतं. असाच असेल यांचा साबण, असं त्यांना वाटलं होतं, आणि हात मागं घेतला तर या बाईंना वाईट वाटेल. दोन माणसं भाजत होती आणि एकमेकांकडे बघून हसत होती. आत्यानं त्यांचे हात पाण्याखाली धरले आणि तशीच, वाकलेलीच, मान वर करून बोलली. आवाज चढलेला नव्हता. तिचा राग खरा असायचा तेव्हा आवाज खाली जायचा.

"हा साबण माझा आहे, आणि तो कच्चा आहे. माझ्या फळीवरून मला न विचारता उचललाय. कोणी लावू नका. ज्यांनी लावला त्यांनी मागच्या नळावर जा." मग म्हणाली, "आणि हा कागदावरचा फोटो, तोही न विचारता छापलेला आहे."

तिची साक्ष म्हणायची तर एवढीच.

मागच्या अंगणात नळावर रांग लागली. चांगल्या कपड्यांतले पाहुणे बाह्या वर करून उभे, धुणं करणाऱ्या बायका त्यांच्या हातांवर पाणी ओतताहेत, आणि आतोबा अंगणात आणून ठेवलेल्या खाटेवरून विचारताहेत, काय झालं, कोणी मेलं का. मेणबत्तीवालीच्या पायांना आठवडाभर पट्ट्या होत्या. तिला शेवटपर्यंत वाईट वाटत राहिलं ते पायांचं नाही, तर कार्यक्रम मोडल्याचं. यानं आत्या अधिकच भडकायची. "तुला भाजलं होतं," ती म्हणायची. मेणबत्तीवाली म्हणायची, "हो, पण ते किती लांबून आले होते."

समिती बसली. पाळकीणबाई स्वतः निर्णय सांगायला आल्या. त्या दिवसाशी याचा काही संबंध नाही, असं त्यांनी आधीच सांगितलं. खोली गरजू भगिनींसाठी आहे. तुम्ही आता स्वतःच्या पायांवर उभ्या आहात. दुसरीला संधी मिळायला नको का? बोलणं रास्त होतं. इतकं रास्त की त्यात बोट घालायला फट नव्हती. वेष्टणावर तिनं कायम गरीब राहायचं होतं, आणि खोलीच्या बाबतीत ती गरीब उरली नव्हती. आत्यानं हेच त्यांना सांगितलं. एकदाच सांगितलं आणि फळ्या उचकटायला घेतल्या. पाळकीणबाईंचे डोळे भरून आले. "रडू नका, बाई," आत्या खिळा उपसत म्हणाली, "मला राग येतो."

खोली सोडली तेव्हा गिऱ्हाइकं मदतीला आली. इस्त्रीच्या दुकानामागं, भिंतीला टेकून उतरत्या छपराची एक जागा मिळाली. वाकून आत जावं लागे. वारा एकाच बाजूनं यायचा, त्यामुळे साबण पिकायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ घ्यायचा, आणि पहिला पावसाळा तर सगळा मालच घेऊन गेला. वड्यांना घाम फुटला, बुरशीसारखे डाग पडले. त्या वर्षी आत्या परत धुण्याला गेली. लपूनछपून नाही, उलट भर दुपारी चर्चपुढून बोचकं घेऊन जायची, मान वर करून. बाबांना ते पाहवत नसे. ताई, दुसऱ्या रस्त्यानं जा, ते म्हणायचे. ती म्हणायची, कॅमेरेवाला असेल तर घेऊ दे आता.

जुन्या खोलीत एका नव्या बाईला बसवलं. तिला शिवण शिकवलं होतं. काही महिन्यांत ती येईनाशी झाली. पुढं तिथं चर्चच्या मोडक्या खुर्च्या ठेवू लागले. झरोके बुजवले, पाखरं येतात म्हणून. त्या दारावरून जाताना मला अजूनही काहीतरी फेकून मारावंसं वाटतं.

रविवारी मात्र आत्या चर्चला जायचीच. आधी मागच्या बाकावर बसायची, आता पुढच्या बाकावर बसू लागली, मंचाच्या बरोबर समोर. माझं भांडण त्याच्याशी नाही, असं तिनं एकदा आतोबांना सांगितलं होतं. त्याच्या घरात बसून मी यांच्याकडे बघते, त्यांना बघू दे माझ्याकडे. दुसऱ्या वर्षी तिनं छपराला मागून जाळी मारून घेतली, वारा फिरू लागला आणि साबण पुन्हा उभा राहिला. आतोबा पुन्हा खाकी कागद फाडू लागले. मास्तर तोवर गेले होते. नवीन जागेतला पहिला चांगला घाणा निघाला तेव्हा तिनं त्यातली एक वडी त्यांच्या मुलाकडे नेऊन दिली. मुलानं ती न्हाणीघरात ठेवली, आत्याला ते आवडलं. तसबिरीपुढं ठेवली असती तर परत घेऊन आले असते, म्हणाली.

पाळकीणबाई बऱ्याच काळानंतर आल्या. वाकून आत आल्या, डोक्याला छप्पर लागलं. शेडमध्ये साबण शिकवायला कोणी नव्हतं. केंद्रात दोन बायका आल्या होत्या, त्यांना शिवण नको होतं. आत्यानं हातातलं ढवळणं पुरं केलं. मग म्हणाली, पाठवा, पण त्यांचा फोटो काढलेला असेल तर तो आधी त्यांच्या हातात द्या, मग पाठवा. पाळकीणबाईंनी मान हलवली. माफी त्यांनी मागितली नाही, आत्यानंही मागायला लावली नाही. त्यांनी साबणाच्या वड्या घेतल्या आणि पैसे द्यायला धुणंवाल्यांच्या मागं रांगेत उभ्या राहिल्या.

आत्याकडे शिकणं सोपं नव्हतं. ती रागवायची, भांडं काढून घ्यायची, प्रार्थना पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावायची. एकदा एक बाई कंटाळून म्हणाली, देवाला पण घाई नसते का हो कधी. असते, आत्या म्हणाली, पण तो कॉस्टिकला हात लावत नाही. तिच्याकडे शिकून गेलेल्या बायकांपैकी काहींनी दुसऱ्या गल्ल्यांत आपापली दुकानं काढली. ती त्यांना आधी बजावायची, माझ्या गल्लीत काढलंत तर तंगडी मोडीन. शिवणयंत्रांचं काय झालं ते तिनं पाहिलं होतं.

आतोबा आधी गेले. त्यानंतर तिनं पाच वर्षं दुकान चालवलं. डॉक्टरांनी हृदयाचं सांगितलं होतं, दगदग नको म्हणाले होते. तिनं डॉक्टरांना, दगदग कोणामुळे, त्यांचं नाव सांगा, असं विचारलं.

शेवटच्या दिवशी मी दुकानात होते. उतरती दुपार. ती स्टुलावर बसून सुरीनं वड्यांच्या कडा तासत होती, चेहरा मला जरा उतरल्यासारखा वाटला पण ती तशी रोजच दिसायची. संध्याकाळी घरी गेली, पडली आणि उठली नाही. त्यानंतर मंडळीतल्या बायकांनी आमच्या घरी येऊन जे जे म्हटलं त्यात तो शब्दही होता, आणि बाबा, जे कधी कोणावर आवाज चढवत नाहीत, उठून दाराशी गेले आणि म्हणाले, तो शब्द या घरात नको.

पण त्या दुपारी असं काहीच नव्हतं. केंद्रातून एक नवीन बाई आली होती. तरुण, घामेजलेली, थेट कुठल्यातरी कामावरून आलेली. हातातली पिशवी पोटाशी धरून उंबऱ्यातच उभी राहिली. आत यावं की नाही हे तिला कळत नव्हतं. आधी स्वतःविषयी काही सांगावं लागेल असं तिला वाटलं असावं, कारण तिनं सुरुवात केली, "माझ्या घरची परिस्थिती..."

आत्यानं सुरीवरून नजर उचलली नाही.

"दारात उभी राहू नकोस गं, उजेड अडतोय. आत ये."